चीक तळाशी बसेपर्यंत

बसा मंडळी, पुढे सरकून बसा. मागच्या बायांनो, सतरंजी इकडे पसरलेली आहे, तिकडे नुसती फरशी आहे. खांबाला टेकलेल्या त्या काकांना मात्र कुणी हलवू नका. आख्यान संपेपर्यंत जागा राहीन, असं त्यांनी मला मघाशीच कबूल केलंय.

तर आज एक प्रश्न विचारते. समजा, या घटकेला गाभाऱ्यातून देव बाहेर आला, या पायरीवर बसला आणि म्हणाला, "माग काय मागायचं ते." काय मागाल? कुणी म्हणेल, मुलाच्या नोकरीचं बघ. कुणी म्हणेल, नोकरीचं राहू दे, आधी गुडघ्यांचं बघ. आयुष्य वाढवून मागणाऱ्यांची तर रांग पार वेशीपर्यंत जाईल. पण मंडळी, असं मागणारं कुणी पाहिलंय का तुम्ही — देवा, वाढवून नको देऊस, आहे तेच जरा हळू चालव?

एक होती. सोळा वर्षांची पोर. घरचे म्हणाले, आळशी आहे. शेजारचे म्हणाले, वयच तसं. आता तुम्ही सांगायचं, की ज्याला थांबावंसं वाटतं तो आळशी, की तो भक्त? लगेच नका सांगू. आधी गोष्ट ऐका. म्हणा एकदा, नारायण... नारायण. हं, मागून आवाज आला नाही. असू दे. पोरं झोपलीत मांडीवर, हळू म्हटलं तरी पोचतं त्याला.

तालुक्याचं एक गाव. नाव नाही सांगत, तिची मावशी इथे बसलेली निघायची. गावात एस.टी.चा स्टँड, आणि त्या स्टँडवर कंट्रोलर होते दिगंबरराव कुलथे. काचेच्या खोलीत बसायचं, माइक तोंडापुढे, घड्याळ डोळ्यांपुढे. कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली, सगळं त्यांच्या हातात. माणूस सज्जन. पण आयुष्यभर गाड्या सोडून सोडून असं झालेलं, की घरातलं माणूस उभं दिसलं की त्यांना वाटायचं, हे अजून सुटलं का नाही?

आणि त्यांच्या सौभाग्यवती, सुलभाबाई. सुलभाबाईंना उरक होता. पुरुष मंडळींना या शब्दाची किंमत कळायची नाही, बायांना विचारा. सून बघायला गेलं की पोरीचं नाक-डोळे नंतर, आधी काय विचारतात? उरक आहे का हो हातात? सुलभाबाईंच्या हातात असा उरक, की गल्लीत कुणाचं चहाचं आधण उकळायच्या आत यांची भांडी पालथी पडलेली. शेजारच्या इंदूकाकू म्हणायच्या, "सुलभा बाळंत झाली तेव्हासुद्धा सुईण चप्पल काढेपर्यंत पोरगी बाहेर."

ती पोरगी म्हणजे शर्वरी. आलेली घाईनं, पण आल्यावर मात्र तिला कसली घाईच नाही. जेवायला बसली की भाकरीचा पापुद्रा वेगळा करायची, त्यातून उजेडाकडे बघायची. दारात केस विंचरायला बसली की फणी डोक्यात तशीच आणि पोर बघतेय समोरच्या भिंतीवर, ऊन कसं खाली सरकतंय ते. आई आतून ओरडायची, "शरू, उरक गं!" दात घासताना उरक, अंघोळीला उरक. बालवाडीत असताना पहिलीची उजळणी, चौथीत असताना स्कॉलरशिप, आठवीत असताना बारावीचा पाया. त्या पोरीनं कधी ती होती त्या इयत्तेत बसून पाहिलंच नाही, मंडळी. कायम पुढच्या वर्गाच्या दारात उभी.

हसू नका. तुमच्या घरी वेगळं आहे? आपण लेकराला पालथं पडायला लागलं की म्हणतो, रांगेल कधी? रांगलं की, चालेल कधी? चालायला लागलं की, अरे बाबा, बस ना एका जागी! त्या बिचाऱ्याला कळतच नाही, नक्की हवंय काय या लोकांना.

असो. दहावीची परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन शर्वरी घरी आली, पॅड कोनाड्यात ठेवलं, आणि आईबाबा दोघंही समोर होते तेव्हा तिनं आयुष्यातली पहिली मागणी केली. मोबाइल नाही मागितला, कपडे नाही मागितले. म्हणाली, या सुट्टीत मला कुठे घालू नका. वाळवणं होईपर्यंत मला घरी राहू द्या. मला आईबरोबर कुरडया करायच्या आहेत.

दिगंबररावांना वाटलं, थट्टा करतेय. कुरडया? बाजारात पाकिटं मिळतात. त्यांचं तर सगळं ठरलेलं. जिल्ह्याच्या गावी मोठा क्लास, तिथेच होस्टेल, दोन महिने आधीपासूनच पैसे... नाही, पैशांचं नको, देवळात बसलोय. तर त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि पोरीचं सगळं आयुष्य असं सांगितलं, जसं फलकावर लिहिलेलं असतं. आधी अकरावी-बारावी, पुढे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, ती झाली की मेडिकल, त्याच्यापुढे मोठं शिक्षण, मग लग्न, मग स्वतःचा दवाखाना.

पोर शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "आणि मग?"

"मग काय? मग निवांत."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "तेव्हा तुम्ही दोघं केवढे असाल, बाबा?"

दिगंबरराव हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की हसतात, तसं. पण तो प्रश्न त्यांना लागला असावा कुठेतरी, कारण रात्री जेवताना ते म्हणाले, क्लास अक्षय्य तृतीयेनंतर आहे. तोवर रहा, कर काय कुरडया करायच्यात त्या.

काय आनंद झाला तिला! स्वतः गहू निवडले. निवडताना आईनं दोनदा म्हटलं, उरक. पोर म्हणाली, "आई, आता सुट्टी आहे."

आता इथे पुरुष मंडळींसाठी थांबते, कारण तुम्ही कुरडई फक्त तळलेली पाहिलीय. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं. त्याला एक आंबूस वास सुटतो, दाणा चिमटीत दाबला की दूध सोडायला लागतो. मग तो वाटायचा, पिळून चोथा बाजूला काढायचा, आणि ते पांढरं दूध मोठ्या पातेल्यात झाकून ठेवून द्यायचं. रात्रभर. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, झाकण काढून बघायचंसुद्धा नाही. चीक आपणहून तळाशी बसतो. वर राहतं ते निवळ पाणी, ते सकाळी अलगद ओतून द्यायचं, आणि खालचा घट्ट चीक आधणात शिजवायचा. यातलं काहीएक जोर लावून होत नाही. जगात बाईला उशिरा उठून चालेल, पण चिकाला लवकर उठवून चालत नाही. बरोबर ना हो? बघा, माना कशा हलतायत.

गहू भिजला. पहिल्या दिवशीचं पाणी शरूनं बदललं. दुसऱ्या दिवशीचंही बदललं. हात नाकाशी नेऊन वास घेत होती, तोंड वाकडं करत होती, पुन्हा घेत होती. आई सतत काहीतरी करतच होती, पण सोबत होती. आणि त्या संध्याकाळी फोन आला. क्लासवाले म्हणाले, तुकडी लवकर सुरू होतेय. खोली हवी असेल तर उद्या संध्याकाळच्या आत मुलगी हजर पाहिजे.

झालं. दिगंबररावांनी तिथल्या तिथे सकाळी आठची गाडी ठरवली. त्यांना सुट्टी नव्हती, लग्नसराईची गर्दी. पण तिकडे मामा स्टँडवर घ्यायला येणार होता. बॅग माळ्यावरून खाली आली. शर्वरी रडली नाही, भांडली नाही. गव्हाच्या पातेल्यापाशी जाऊन बसली आणि त्या पाण्यात नुसता हात घालून राहिली. गार असतं ना ते.

आईनं ते पाहिलं. मंडळी, आई उरकाची असली तरी आई आहे. ती काय म्हणाली असेल? तिच्याकडे जे होतं तेच तिनं काढलं. पदर खोचला आणि म्हणाली, "तुला कुरडया करायच्यात ना? मग होतील. आठच्या आत होतील. माझ्यावर सोड."

कळलं का काय झालं? पोरीला निवांतपणा हवा होता. आईनं तोही उरकायला घेतला.

पहाटे सुलभाबाई उठल्या. गहू अजून नीट भिजलेला नव्हता, पुरतं दूध सुटायला आणखी एक दिवस हवा होता. तरी वाटला. पिळला. दूध पातेल्यात घातलं, झाकलं. तोवर इकडे आधण ठेवलं, सोऱ्या धुतला, गच्चीवर जुनी साडी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, मधेच बॅगेत लाडवांचा डबा घातला. शर्वरी मागे मागे फिरत होती. हातात घ्यायला काही शिल्लकच नव्हतं तिच्या, सगळं आईनं केलेलं. आणि उजाडायला लागलं तसं सुलभाबाईंनी झाकण काढलं.

पोर वाकून बघून म्हणाली, "आई, अजून बसलं नाही गं."

"बसलंय तेवढं बस झालं."

आणि पातेलं तिरकं केलं. मोरीत पाणी निघालं, मंडळी, पांढरं. दुधासारखं पांढरं. ऐकलंत? बायकांमधून कसा आवाज आला. गहू कुणाचा, पातेलं कुणाचं, हळहळ मात्र इथवर! तो सगळा चीक पाण्याबरोबर चाललेला. सुलभाबाईंना दिसत होतं. त्यांना काय कळत नव्हतं? अर्धं आयुष्य कुरडया घातलेल्या बाईला? पण हात थांबेना. ज्या हातानं कधी थांबून पाहिलं नाही, त्याला थांबायचं असतं कसं, हेच ठाऊक नसतं.

राहिलेलं शिजवलं. पातळच शिजलं. तरी गच्चीवर नेलं, तरी सोऱ्यात भरलं, आणि साडीवर पहिली कुरडई घातली. तिनं अंग धरलंच नाही. वेटोळं पडलं, पसरलं, सपाट झालं. दुसरी घातली, तीही गेली. तिसरीही तशीच. पहिलं ऊन आलेलं, साडीवर नुसती थारोळी. सुलभाबाई सोऱ्या हातात धरून तशाच उकिडव्या राहिल्या.

"तुझ्यासाठीच करत होते गं," त्या म्हणाल्या.

"आई, मला कुरडया नको होत्या."

"मग? तूच तर म्हणालीस. मग काय हवं होतं तुला?"

शर्वरी म्हणाली, "तू बसलेली हवी होतीस."

...

पेटी नको वाजवू रे बाळा, जरा थांब.

तू बसलेली हवी होतीस. सोळा वर्षांत त्या पोरीनं आईला स्वयंपाक करताना पाहिली होती, धुताना पाहिली होती, तिच्यासाठी धावताना तर रोज पाहिली होती. लाड कमी नव्हते, प्रेम कमी नव्हतं. पण ते प्रेम नेहमी पाठमोरं. पोरगी आपली त्या पाठीकडे बघत मोठी झाली. तिला कळत होतं, की आता आपण जाणार, आणि मग या घरी यायचं ते पाहुण्यासारखं, दिवाळीला, बॅग न सोडता. म्हणून वाळवण. कारण सगळ्या वर्षातलं हे एकच काम असं, की ज्यात आईला बसावं लागतं. घालून झालं की राखण करत बसावंच लागतं ना, कावळे येतात! तिनं केवढ्या लांबून विचार केला होता बघा. आईजवळ दुपारभर बसता यावं, म्हणून तिनं सुट्टीभराची मागणी केली होती. आणि आपण म्हणालो, आळशी.

सुलभाबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. आणि बसल्या. तिथेच, गच्चीच्या गरम व्हायला लागलेल्या फरशीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. पातेल्यात तो फसलेला, कोमट चीक उरला होता. शरू खाली जाऊन दूध आणि साखर घेऊन आली. कुरडईला निकामी, पण खायला काय लागतो तसला पातळ चीक! एकच ताट, दोघींची बोटं. आणि मंडळी, गंमत बघा, सुलभाबाई बोट चाटून म्हणाल्या, "मी खाल्लाच नव्हता कधी गरम असताना." इतक्या वर्षांत. करून घालायच्या, स्वतः खायचं राहून जायचं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दिगंबरराव. स्कूटर खाली चालूच ठेवलेली, आवाज येतोय. आठची गाडी फलाटाला लागली होती आणि ते लेकीला न्यायला आले होते. वर येऊन बघतात तो काय, साडीवर डागच डाग, आणि मायलेकी एका ताटात बोटं घालून बसलेल्या. त्यांनी तोंड उघडलं. घड्याळाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिला अशी पाय पसरून बसलेली त्यांनीही पाहिली नव्हती हो, कितीतरी वर्षांत. एकदम तरुण दिसली असेल.

म्हणाले, "दुपारी दोनची आहे. तीही संध्याकाळच्या आत पोचते."

एवढंच. आणि खाली जाऊन स्कूटर बंद केली. आठची गाडी त्या दिवशी त्यांच्या हाताखालच्या माणसानं सोडली.

आता पुढे काय झालं, हे ऐकायला तुम्ही कान टवकारलेत. पण पुढे काही झालंच नाही. खरं सांगते, आख्यानात सांगावं असं काहीच नाही. दिगंबरराव चीक खाऊन कामावर गेले. मायलेकी टाकीच्या सावलीत बसून राहिल्या. सावली सरकली की त्या सरकायच्या. इंदूकाकू पलीकडच्या गच्चीवरून म्हणाल्या, "सुलभा, बरं नाही का गं?" बसलेली बाई म्हणजे आजारीच असणार! सुलभाबाईंनी लेकीच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. केस बाजूला केले आणि थबकल्या. कानामागे, अगदी केसांच्या मुळाशी, एक तीळ.

"हा कधी आला गं?"

"सातवीत."

सातवीत. म्हणजे तेव्हापासून ती आपली आपण वेणी घालत होती. आईनं त्या तिळावर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली. बराच वेळ. पोरीनं डोळे मिटले होते. कुणी कुणाला उरक म्हटलं नाही.

मला वाटतं, देव यायचा असेल तर तो अशाच वेळी येत असेल. सिंहासनावर बसून नाही. असाच, टाकीच्या सावलीत, तेलकट हाताशी. आणि आपण त्याला काय सांगतो? नंतर ये. सगळं मार्गी लागलं की ये, मग आम्ही निवांत. तो बिचारा दारात येतो, आपली पाठ बघतो आणि जातो. रोज.

दोन वाजत आले. पोर गेली का राहिली? गेली, मंडळी. जावं लागतंच. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, की बापानं क्लास रद्द केला आणि लेक घरी राहिली. तिनंही मागितलं नाही. बॅग घेतली, आईच्या पाया पडली, गाडीत खिडकीशी बसली. मागितली होती अख्खी सुट्टी, मिळाली अर्धी दुपार. पण ती अर्धी दुपार तिनं सगळीच्या सगळी घेतली. कणही मोरीत जाऊ दिला नाही.

आणि काचेच्या खोलीत दिगंबरराव. त्यांनाच ती गाडी सोडायची होती. माइक तोंडाशी धरला. एरवी ते मोठी गावं तेवढी सांगून मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी वाटेतलं एकेक गाव सांगितलं. जिथे गाडी थांबते ती, हात केला तरच थांबते ती, फाटे, वस्त्या, जिथे एकच कडुलिंब आणि एक बाकडं आहे तो थांबासुद्धा. नाव घ्यायचे, श्वास घ्यायचे, पुढचं नाव घ्यायचे. ड्रायव्हर गाडी सुरू करून हसत होता, की साहेबांना आज झालंय काय? प्रवासी चुळबुळत होते. फलाटावर सुलभाबाई खिडकीची दांडी धरून उभ्या, आणि आतून त्या बोटांवर एक हात. जोवर बाप गावं सांगत होता, तोवर गाडीला हलता येत नव्हतं.

मग गावं संपली.

मंडळी, समोरचे गुरवकाका मला घड्याळ दाखवतायत, प्रसाद गार होतोय म्हणून. होऊ दे. मला तुम्हाला एवढंच विचारायचंय: तुमच्या घरातून अजून गेलेलं नाही असं कोण आहे? लेकरू असेल, म्हातारी आई असेल, दिवसभर दुकानात उभा राहणारा नवरा असेल. त्यांच्या कानामागे काय आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मलाही सगळं ठाऊक नाही. तर आरती झाली की चप्पल शोधायला धावू नका. जे मांडीवर झोपलंय त्याला उठवू नका, झोपेतच उचला. आणि घरी गेल्यावर कुणी अजून जेवत असेल, तर ताट कधी मोकळं होतंय म्हणून उभे राहू नका. पाट ओढा, शेजारी बसा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत उठू नका. पांडुरंगा, या सगळ्यांना आज घरी पोचायला थोडा उशीर होऊ दे. आणि पोचल्यावर ज्याच्यासाठी पोचायचं, ते माणूस जागं असू दे.